लिस्बनमधली निळी पेन्सिल

लिस्बनला जाणारा प्रत्येक पर्यटक अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये एकदा तरी चढतोच. पिवळी, लाकडी, चढावर कण्हणारी ती ट्राम 'से' कॅथेड्रलपाशी आली की निम्मी रिकामी होते. (आपल्या जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा 'से' तो हाच.) सगळे कॅमेरे कॅथेड्रलच्या दोन बुरुजांकडे वळतात. त्याच रस्त्यावर, कॅथेड्रलपासून चार पावलांवर एक साधी, बंद चेहऱ्याची इमारत उभी आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तिचं नाव आल्जुब. मूळ शब्द अरबी, अर्थ विहीर किंवा खड्डा. आधी हा चर्चचा तुरुंग होता, मग बायकांचा, आणि १९२८ पासून १९६५ पर्यंत राजकीय कैद्यांचा. २०१५ मध्ये इथं संग्रहालय झालं.

मी फोंड्याचा. कंपनीच्या कामानं तीन आठवडे लिस्बनमध्ये होतो. शनिवार-रविवार मोकळे मिळाले, तेव्हा ठरवलं होतं की किल्ले, चर्च आणि 'पाश्तेल द नाता' खाणं एवढंच करायचं. गोव्याच्या माणसाला लिस्बनमध्ये तसं परकं वाटतच नाही. खिडकीला जनेल म्हणतात, खुर्चीला कदेल, पाव तर पावच. पणजीच्या फोंतैन्यांसमधून एखादी गल्ली उचलून इथं ठेवली तर पंधरा दिवस कुणाच्या लक्षात येणार नाही. पण आल्जुबमध्ये शिरलो आणि दोन्ही शनिवार-रविवार त्यातच गेले.

तुरुंगाचा भाग अंगावर येतो. एकांतकोठड्यांना कैदी 'कुर्रुश' म्हणायचे, म्हणजे झुंजीचे बैल कोंडायचे गाळे. साधारण एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. पलंग उघडला की उभं राहायला जागा नाही. पण मी जास्त वेळ थांबलो तो सेन्सॉरच्या दालनात. काचेमागे वर्तमानपत्रांची प्रुफं ठेवलेली आहेत. छापलेल्या ओळींवर निळ्या पेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघा मारलेल्या. काही ठिकाणी एखादाच शब्द उडवलाय, काही ठिकाणी अख्खा परिच्छेद. बातमीला अजून शाईचा वास असताना कुणीतरी ती मारली आहे.

पोर्तुगालमध्ये 'निळी पेन्सिल' हा वाक्प्रचारच झाला आहे. आजीला विचारा, नातवाला विचारा, कळतं. मे १९२६ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि काही आठवड्यांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. १९२८ मध्ये आंतोनियो द ओलिव्हैरा सालाझार नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान. १९३३ च्या नव्या राज्यघटनेबरोबर तात्पुरता वाटणारा सेन्सॉर कायद्यात पक्का बसला, तो पुढची ४१ वर्षं. आपल्याकडे सालाझार म्हटलं की मिशीवाला, आरडाओरडा करणारा हुकूमशहा डोळ्यांपुढे येतो. तसा तो नव्हता. ना मिशा, ना आरडाओरडा. काटकसरी, अविवाहित, देवभीरू, सभांचा कंटाळा असलेला माणूस. त्याची राजवट कारकुनी होती, आणि सेन्सॉरही तसाच कारकुनी होता.

पद्धत अशी. संपादकानं प्रत्येक पानाची प्रुफं छापण्याआधी सेन्सॉर समितीकडे पाठवायची. तिथं बहुतेक लष्करातले अधिकारी बसलेले. ते वाचणार आणि शिक्का मारणार. 'मंजूर', 'काटछाट करून मंजूर', 'थांबवले', 'कापले'. 'थांबवले' हा त्यातला सगळ्यांत हुशार शिक्का. धड होकार नाही, धड नकार नाही. वर विचारून सांगतो म्हणायचं आणि बातमी शिळी होईपर्यंत ठेवून द्यायची. छापखाना थांबलेला, रेल्वेनं गावोगावी जाणारे गठ्ठे निघायची वेळ टळतेय, आणि संपादक शिक्क्याची वाट बघतोय. तपासलेल्या अंकावर मग एक ओळ छापायची: 'सेन्सॉर समितीने तपासले'. त्यातला पोर्तुगीज शब्द 'विझादो'. व्हिसा हा त्याच शब्दाचा भाऊ. म्हणजे आपल्याच देशात बातमीला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला व्हिसा लागायचा.

आणि एक नियम होता, जो वाचून मी तिथल्या बाकावर बसलो. कापलेल्या जागी कोरी जागा सोडायची नाही. तिथं दुसरं काहीतरी भरायचं. जाहिरात चालेल, फुटबॉल चालेल, एखाद्या मंत्र्यानं पुलाचं उद्घाटन केलं ते चालेल. वाचकाला काही कापलंय हे कळता कामा नये.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे प्रत्येक सिस्टीम काय चुकलं त्याची नोंद ठेवते, त्याला लॉग म्हणतात. नवशिक्या पोरांना एक गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगावी लागते: लॉगिंग बंद केलेली सिस्टीम डॅशबोर्डवर नेहमी हिरवी दिसते. एकही एरर नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं, कदाचित एरर लिहून ठेवणारंच कुणी नसतं. कोऱ्या जागेला बंदी घालणाऱ्या माणसाला हे १९३३ मध्येच कळलं होतं.

याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण १९६७ चं आहे. २५ नोव्हेंबरच्या रात्री लिस्बनच्या आसपास प्रचंड पाऊस झाला. लोरिश, ओदिव्हेलाश, आलेंकेर, व्हिला फ्रांका दे शिरा या भागात ओढे-नाल्यांच्या काठावर कामगारांच्या झोपड्या होत्या. माणसं झोपेतच वाहून गेली. सरकारी आकडा साडेचारशेच्या घरात थांबला. प्रत्यक्षात सातशेच्या आसपास माणसं गेली असावीत असं आज मानतात. आकडा पावसाबरोबर नव्हे, सेन्सॉरच्या फोनबरोबर थांबला. वर्तमानपत्रांना सूचना येत गेल्या की हे प्रकरण आता हळूहळू सौम्य करा, शवपेट्यांचे फोटो नकोत, विद्यार्थी मदतकार्य करताहेत ते छापू नका. विद्यार्थ्यांचं का नको? कारण हजारो विद्यार्थी फावडी घेऊन चिखल उपसायला गेले होते, आणि राजधानीपासून तासाभरावर माणसं कशी राहतात हे त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं होतं. पाऊस निसर्गानं पाडला, पण झोपड्या नाल्यात का होत्या हा प्रश्न निसर्गाचा नव्हता. त्या विद्यार्थ्यांनी स्वतःची पत्रकं काढून आपण पाहिलेलं लिहिलं. पुढच्या काही वर्षांत राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या कितीतरी जणांनी नंतर सांगितलं आहे की त्यांची सुरुवात त्या चिखलातून झाली.

आत्महत्येच्या बातम्याही कापत. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये माणसं सुखी असायला हवी होती ना.

आल्जुबमधून निघालो की खाली उतरून, पुन्हा चढ चढून बाइरो आल्तोत जावं. लिस्बनमध्ये सगळं चढ-उतारावर आहे, गुडघे शाबूत असतानाच जाऊन या. संध्याकाळी ही गल्ल्यांची वस्ती दारूच्या पेल्यांनी आणि संगीतानं भरून जाते, पण एके काळी ही वर्तमानपत्रांची पेठ होती. अजून एका रस्त्याला 'दियारियो दे नोतिसियास' या दैनिकाचं नाव आहे, एकाला 'ओ सेकुलो'चं. जवळच रुआ दा मिझेरिकोर्दिया. मिझेरिकोर्दिया म्हणजे दया. या दयेच्या रस्त्यावर 'रेपुब्लिका' या विरोधी सुराच्या दैनिकाची कचेरी होती. संपादक राउल रेगो.

२४ एप्रिल १९७४ ला या 'रेपुब्लिका'त एक छोटा मजकूर आला. रेडिओ रेनासेन्सावरचा 'लिमिते' नावाचा कार्यक्रम हल्ली फार सुधारला आहे, जरूर ऐकावा, अशा अर्थाचा. सेन्सॉरनं तो पास केला. रेडिओच्या कार्यक्रमाची स्तुती, त्यात काय कापायचं? त्या रात्री १२ वाजून २० मिनिटांनी 'लिमिते'वर जोझे आफोन्सोचं 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' लागलं. तो देशभरच्या छावण्यांत जागत बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांना निघण्याचा इशारा होता. सकाळपर्यंत रणगाडे लिस्बनमध्ये होते आणि संध्याकाळी राजवट संपली.

या जोझे आफोन्सोचं नावही मध्यंतरी छापायची चोरी होती. मग काही वर्तमानपत्रवाल्यांनी त्याचं नाव उलटं छापलं, 'एझोज ओस्नोफा'. सेन्सॉर अधिकाऱ्याला वाटलं असेल कुणी परदेशी गायक आहे. इशाऱ्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २९ मार्चला, लिस्बनच्या कोलिझेउ सभागृहात मोठी मैफल झाली, तेव्हा त्याची काही गाणी सेन्सॉरनं गाऊ दिली नाहीत. 'ग्रांदोला' मात्र चाललं. एका गावाचं वर्णन, निरुपद्रवी. निळ्या पेन्सिलीला शब्द दिसत होते, पण सभागृहात हजारो माणसं हातात हात घालून ते गाणं म्हणतायत, हे कागदावर दिसत नव्हतं.

२५ एप्रिलच्या 'रेपुब्लिका'च्या पहिल्या पानावर तळाशी एक पट्टी होती. त्यात लिहिलं होतं: हे वृत्तपत्र कोणत्याही सेन्सॉर समितीने तपासलेले नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्या पानाची प्रत पाहताना मला त्यातल्या बातम्यांपेक्षा ती एक ओळच पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली.

(पुढं काय झालं तेही सांगायला हवं. वर्षभरानं, मे १९७५ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत छापखान्यातल्या कामगारांच्या समितीनं हेच 'रेपुब्लिका' ताब्यात घेतलं आणि राउल रेगोला बाहेर काढलं. आणि त्यानंतर महिनाभरात आपल्याकडे आणीबाणी आली. २५ जूनच्या रात्री दिल्लीतल्या छापखान्यांची वीज तोडली गेली, आणि संपादक प्रुफं घेऊन अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी उभे राहू लागले. लिस्बनमध्ये निळी पेन्सिल मोडून तेव्हा चौदा महिने झाले होते. एका इंग्रजी दैनिकानं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर कोरी जागासुद्धा नको असं आपल्याही सेन्सॉरनं सांगितलं. हुकूम देणारी माणसं वेगवेगळी, भाषा वेगळ्या, पण कोऱ्या जागेची भीती सारखीच.)

तिथून खाली शियादोत उतरलं की आंतोनियो मारिया कार्दोझो नावाचा रस्ता लागतो. इथं 'पिदे' या गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं. २५ एप्रिलला रस्त्यावर लोक कार्नेशनची फुलं बंदुकीच्या नळ्यांत खोवत होते, तेव्हा याच इमारतीतून जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघे जण गेले. आता तिथं महागडे फ्लॅट आहेत, बाहेर त्या चौघांची पाटी. गंमत म्हणजे आव्हेनिदा दा लिबेरदादेवरची 'दियारियो दे नोतिसियास'ची भव्य इमारत, जी खास वर्तमानपत्रासाठी बांधली होती, तिचेही फ्लॅटच झालेत. बातमी दाबणारे आणि बातमी छापणारे, दोघांच्याही जागा शेवटी बिल्डरकडे.

या 'दियारियो दे नोतिसियास'बद्दल एक गोष्ट लिस्बनमध्ये सांगतात. १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला इजा झाली, आणि मार्सेलो काएतानो पंतप्रधान झाला. पण म्हाताऱ्याला हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. मंत्री त्याच्याकडे येत राहिले, खोट्या बैठका झाल्या, तो हुकूम देत राहिला. त्याच्यासाठी म्हणे वर्तमानपत्राचा वेगळा अंक छापत, ज्यात तो अजून पंतप्रधान होता. १९७० च्या जुलैत तो वारला. आयुष्यभर देशाला जे वाचायला लावलं, ते शेवटी स्वतःलाही वाचावं लागलं. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही, पण सत्ता गेली आहे हे त्याला सांगितलं गेलं नाही एवढं खरं.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे सगळं परक्या देशातलं वाटत असेल तर थांबा.

छापखाना आशियात पहिल्यांदा आला तो गोव्यात, १५५६ मध्ये. मुंबईत, कोलकात्यात यायच्या कितीतरी आधी. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला आणि मराठी पत्रं भराभर निघाली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत' त्यातलं सगळ्यांत निर्भीड. त्यांच्यावर सरकारनं खटल्यांवर खटले भरले. पोर्तुगीजमधून लुईस द मिनेझिस ब्रागांझा लिहीत होते. त्यांचं 'प्रकाश' सालाझारच्या राजवटीत बंद पडलं. एवढा जुना छापखान्याचा वारसा असलेल्या प्रदेशात १९३० नंतर काय उरलं होतं? घरात लग्न निघालं तर पत्रिका छापायची परवानगी घ्यावी लागत होती.

हो, लग्नाची पत्रिका. आमचे आजोबा हे हसत हसत सांगायचे आणि आम्हाला ती गंमत वाटायची. चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांचा विवाह करण्याचे योजिले आहे, इथपासून आहेर आणू नये इथपर्यंत सगळा मजकूर आधी साहेबाच्या टेबलावर. एखाद्याच्या लग्नात सालाझारला काय धोका? धोका हा की छापलेला कागद घरोघर जातो, आणि शे-दोनशे माणसं एका दिवशी एका मांडवात जमतात. परवानगीशिवाय सभा घ्यायलाच बंदी होती. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भर पावसात बोलायला उभे राहिले त्याचं मोल यात आहे. आज आपल्याला ते एक भाषण वाटतं. तेव्हा तोंड उघडणं हाच गुन्हा होता.

त्यानंतरच्या धरपकडीत त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा दिली आणि जहाजातून पोर्तुगालला पाठवलं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि पत्रकार जोझे इनासियो लोयोला यांचीही रवानगी तिकडेच झाली. त्यांना ठेवलं होतं पेनिशच्या किल्ल्यात. म्हणून दुसऱ्या शनिवारी मी पेनिशची बस पकडली.

लिस्बनच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर. समुद्रात घुसलेलं भूशिर, कोळ्यांचं गाव, सार्डिन मासे, आणि लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी जगभरची पोरं. आमच्या बसमध्ये निम्म्यांकडे त्या फळ्या होत्या. किल्ला थेट कड्यावर, खाली अटलांटिक आपटतोय. आग्वाद पाहिलेल्या माणसाला बांधणी ओळखीची वाटते, पण वारा ओळखीचा नाही. एप्रिलमध्येही जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागली. फोंड्या-मडगावच्या उकाड्यात वाढलेली ती माणसं इथं हिवाळ्यात कशी राहिली असतील, हा माझा पहिला विचार होता, आणि खरं सांगायचं तर बराच वेळ तोच राहिला.

किल्ल्यात आता राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०२४ मध्ये, क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, पूर्णपणे खुलं झालं. भेटीची खोली जशीच्या तशी ठेवलीय. कैदी इकडे, घरचे तिकडे, मधे काच, आणि पहारेकरी कान देऊन उभा. बायको नवऱ्याला काय सांगणार? मुलगा शाळेत जातो, आई बरी आहे, यंदा पाऊस चांगला झाला. इथं पेन्सिलीची गरजच नव्हती. बोलणारा स्वतःच मनात काटछाट करून बोलत होता. लिस्बनचे जुने पत्रकारही नंतर हेच सांगत राहिले की सेन्सॉरनं काय कापलं त्याची प्रुफं तरी आहेत, पण आपण लिहायलाच घेतलं नाही त्याचं काय? ते कुठल्या काचेमागे ठेवणार?

याच किल्ल्यातून ३ जानेवारी १९६० ला कम्युनिस्ट नेता अल्वारो कुन्याल नऊ साथीदारांसह पळाला. त्याच्या पक्षाचं 'आव्हांते' हे पत्र १९४१ पासून १९७४ पर्यंत गुप्त छापखान्यांतून निघत राहिलं. पातळ कागदावर, घडी करून बुटात लपेल असं. छापखाना म्हणजे गावाबाहेरचं एखादं भाड्याचं घर, त्यात नवरा-बायको म्हणून राहणारे दोन कार्यकर्ते, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून घेतलेली हजार काळजी. मला त्यांच्या राजकारणाशी फारसं देणंघेणं नाही. पण तेहेतीस वर्षं असं वर्तमानपत्र काढणं ही काय चीज आहे ते वेळेवर एक न्यूजलेटर न निघणाऱ्या माणसाला विचारा.

या कुन्यालचं नाव पुढं एका वेगळ्याच यादीत आलं. २००७ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी टीव्हीनं सगळ्यांत थोर पोर्तुगीज कोण यासाठी प्रेक्षकांची मतं मागवली. कुन्याल दुसरा आला, १९ टक्के मतं. पहिला आला सालाझार. ४१ टक्के.

हे वाचून मला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. कारण मी गोव्यात वाढलोय. 'पाकल्यांच्या काळात चोऱ्या नव्हत्या', 'दारं उघडी टाकून झोपायचो', 'शिस्त होती', हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. चहाच्या टेबलावर, बसमध्ये, कधी आपल्याच घरात. म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना आठवतं ते ती सांगतात. पण त्या काळात चोरी झाली, मारहाण झाली, कोठडीत कुणी मेला, तर ते छापून येत नव्हतं. शेजारच्या गावात काय झालं हे कळायचा मार्गच नव्हता. म्हणून आपलं गाव शांत, शेजारचं गाव शांत, सगळा मुलूख शांत. ज्या डॅशबोर्डबद्दल मी वर लिहिलं, तो हिरवाच राहिला, आणि तोच आठवणीत उतरला. सेन्सॉरनं त्या दिवशीची बातमी मारली तेव्हाच साठ वर्षांनंतरची आठवणही लिहून ठेवली.

एकच उदाहरण देतो. गोव्याच्या जुन्या लोकांना 'एजंट मोंतेरो' हे नाव माहीत असतं. काझिमिरो मोंतेरो, गोव्यातच जन्मलेला, सत्याग्रहींना मारहाण करण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला पोलीस. मुक्तीनंतर तो कुठे गेला? तो 'पिदे'त होता. फेब्रुवारी १९६५ मध्ये सालाझारचा प्रतिस्पर्धी जनरल उंबेर्तो देल्गादो याला फसवून स्पेनच्या सीमेवर बोलावलं गेलं, तिथं गोळ्या घालणारा हाच मोंतेरो. सरकारनं तो खून देल्गादोच्याच साथीदारांच्या माथी मारायचा प्रयत्न केला, आणि सेन्सॉरखालच्या वर्तमानपत्रांत दुसरं काही छापून येणं शक्य नव्हतं. गोव्यातल्या शेतकऱ्यांच्या पाठीवर ज्याचे वळ उठले होते त्याचं नाव लिस्बनच्या वाचकाला माहीत असतं तर?

लिस्बनच्या वाचकाला गोव्याबद्दल तसं काहीच माहीत नव्हतं. १४ डिसेंबर १९६१ ला सालाझारनं गव्हर्नर वासालो ई सिल्वाला तार पाठवली की आपले सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरतील. गव्हर्नरनं ते ऐकलं नाही आणि १९ तारखेला शरणागती पत्करली, त्यामुळे किती माणसं आणि पणजीतली किती घरं वाचली असतील. लिस्बनच्या वर्तमानपत्रांत मात्र घनघोर झुंजीच्या कथा येत होत्या. परत गेल्यावर गव्हर्नरला लष्करातून काढून टाकलं. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं मान्य केलं ते सेन्सॉर गेल्यानंतरच, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं.

आणि ज्या आवाजाला व्हिसा लागला नाही, तो आंबोलीच्या जंगलातून येत होता. २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी तिथून गुप्त रेडिओ सुरू केला, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. पुढं तो कॅसलरॉकच्या रानात हलवला. सहा वर्षं, साप, पाऊस, जळवा, आणि रोज ठरल्या वेळी बातम्या. लिस्बनमध्ये काय चाललंय, आफ्रिकेत काय चाललंय, गोव्यातल्याच कुठल्या गावात कुणाला पकडलं, हे गोव्यातले लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत. १९ डिसेंबरला दोघांना विमानात बसवून गोव्यावरून फिरवलं आणि वरून ध्वनिक्षेपकावर त्यांनी गोवा मुक्त झाल्याचं सांगितलं. तीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ ला, दैनिक 'गोमन्तक'चा पहिला अंक निघाला, कुणाच्याही शिक्क्याविना.

लिस्बनला जाणार असाल तर आल्जुब सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. सगळ्यांत वरच्या मजल्यावर उपाहारगृह आहे, तिथून तेजो नदी छान दिसते, कॉफी बरी आहे. पेनिशला मात्र पूर्ण दिवस द्या आणि वाऱ्याचं काहीतरी अंगावर घ्या.

आणि घरी ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात, आजी-आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या लग्नाची १९६१ च्या आधीची पत्रिका असेल तर बाहेर काढा. कोपऱ्यात, मागच्या बाजूला, छापखान्याच्या नावाखाली कुठे परवानगीचा शिक्का किंवा ओळ आहे का बघा. सापडली तर फोटो काढून आपल्या संपादक मंडळाकडे पाठवा, कोणत्या गावची आणि कुठल्या सालची तेवढं लिहून. आमच्या घरातली वाळवीनं खाल्ली.